गच्चीची किल्ली

हिंजवडीच्या नोकरीपायी आम्ही जवळच्याच चांदे गावात फ्लॅट घेतला, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीची किल्ली गळ्यात अडकवून हिंडत. "गच्ची सामाईक आहे," असं म्हणत त्यांनी तिथे नाचणीचे पापड वाळवायलाही बंदी घातली. कामाच्या मावशी भडकल्या, "ऊन बी सोसायटीचंच हाय व्हय?"

मग डॉक्टरांनी सेक्रेटरींना सांगितलं, व्हिटॅमिन डी फार कमी आहे, हाडं ठिसूळ होतील. रोज उन्हात बसा, नाचणी खा. तेव्हापासून ते रोज सकाळी उघड्या अंगाने गच्चीत बसू लागले, दाराला तिकडून कडी घालून.

पुढे माझाही तसाच रिपोर्ट आला. मी वर जाऊन दार वाजवलं. पलीकडे कुर्रकन पापड मोडला आणि प्रश्न आला, "लेखी अर्ज आणलाय का?"