करडीच्या तेलातला पंप

लातूरला ट्रक-ट्रॅक्टरचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. नवखं गिऱ्हाईक आत येऊन ‘मिस्तरी कुठंयत?’ असं मलाच विचारतं आणि मी हातातलं काम न सोडता ‘बोला’ म्हणते. आजवर एकाही जाम पंपापुढं मी हात टेकलेले नाहीत. ही बढाई वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

त्यामुळं हदगावहून मायचा फोन आला तेव्हा मी घाबरले नाही. ‘तुझे बाबा गाडी भंगारात देऊन राह्यले. सोमवारी मानसं गॅस कटर घेऊन येनार. इंजन फिरतंय म्हनं, पन पंप जाम हाय.’ मी एवढंच विचारलं, पंपावर कुणी हातोडी चालवली का? नव्हती चालवली. मग रविवारी पहाटेच निघाले.

बाबांनी उभं आयुष्य त्या एकाच ट्रकवर काढलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, आणि परक्या ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायला बाबा तयार नव्हते. ती घरामागं लिंबाखाली उभी राहिली. तेव्हापासून बाबांनी तिच्याकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजसुद्धा अंगणात रस्त्याच्या बाजूला टाकायचे. आता गुडघे बरे झाले होते, पण मन उठलं होतं. मायला मात्र परसात गाडी कापलेली बघवणार नव्हती. हे तिनं बाबांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

‘आज चालू झाली तर ऱ्हाईल, न्हाई तर जाईल,’ बाबा बाजेवरूनच म्हणाले. मी म्हटलं, ठरलं.

डिझेल कमी-जास्त करणारी एक बारीक दांडी पंपात असते. ती हलत नव्हती. अशा वेळी लोक ठोकाठोकी करतात आणि बरा होणारा पंप कायमचा घालवतात. मी बाजूचं झाकण खोललं. आत गंज असणार असं धरूनच चालले होते, आणि गंजानं प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारे आतले दट्टे, खाल्ले असते तर त्यांना कुणीच वाचवू शकलं नसतं. पण गंजाचा ठिपकाही दिसला नाही. सगळीकडं पिवळट, चिवट चिकटा होता, लाकडाला रोगण चढवावं तसा. थोडा नखानं खरवडून नाकाशी नेला आणि मला हसूच आलं. करडीचं तेल! उघड्यावर राहिलं की ते आधी चिकट होतं आणि मग वाळून कडक. कढईच्या काठावर आम्ही ते जन्मभर घासत आलोय.

माय पदराला हात पुसत मागंच उभी होती. ‘म्या घातलं,’ ती म्हणाली. ‘दर अमुशाला गाडी पुसत व्हते. पंपाला वर भोक हाय ना, तुझे बाबा त्याच भोकातून तेल घालायचे. बैलाच्या शिंगाला लावतो, दाराच्या बिजागरीला घालतो, मंग गाडीनं काय घोडं मारलं? गंजू नये म्हनून घातलं.’

बाबा कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. ‘आन् मला सांगितलं न्हाईस?’

‘तुमी तिच्याकडं बघत कुटं व्हते?’

बाबा तिथंच उभे राहिले, बाजेवर परत गेले नाहीत.

पंप मायमुळंच जाम झाला होता आणि तिच्यामुळंच गंजापासून वाचला होता. मी दोन्ही गोष्टी तिला सांगून टाकल्या. पहिली ऐकून तिचा चेहरा उतरला, दुसरी ऐकून म्हणाली, ‘मंग कर की चालू.’

डिझेलमध्ये थिनर मिसळून आत भरलं. वरून गरम पाण्यातल्या फडक्यांनी शेकत राहिले, फडकी माय पुरवत होती. मग एकेक प्लंजर हलक्या हातानं खाली दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दुपारपर्यंत पाच मोकळे झाले, सहावा हटून बसला. मी घाई केली नाही. धपाटे खाऊन आले तोवर तोही नरमला. दांडी बोटानं ढकलली की सरकत होती, सोडली की मागं येत होती.

पंप धुऊन त्यात नवं ऑइल घातलं, ताजं डिझेल भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली, लातूरहून आणलेली बॅटरी जोडली. एक धास्ती होती. दांडी पुन्हा अडकली तर इंजिन बेफाम सुटतं. म्हणून बाबांना केबिनमध्ये बसवलं आणि बजावलं, मी हात वर केला की इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढायचा.

इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर ओकत चालू झालं. मी थोडं चालू दिलं, मग हात वर केला. इंजिन बंद होईना. पंपाकडं पाहिलं तर दांडी मोकळी होती. मी धावत जाऊन पायरीवर चढले. बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि डोळे वाहत होते.

‘बाबा, स्टॉपर ओढा म्हटलं ना.’

‘ऱ्हाऊ दे गं. अन् त्या सोमवारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हनाव.’

मग माझ्या खांद्यावरून त्यांनी लिंबाखाली उभ्या असलेल्या मायकडं पाहिलं. ‘इतक्या अमुशा तिला तेल घातलंस,’ ते म्हणाले, ‘आता बस तरी तिच्यात.’

मी खाली उतरले. मायनं पायरीपाशी चपला काढून ठेवल्या आणि वर चढली.