सौ. सायलीचं तिकीट

माझ्या आत्याच्या यजमानांइतकं, म्हणजे आमच्या काकांइतकं जग कुणी फिरलेलं नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी कुणी घराबाहेर पडलेलं नसेल. ही दोन्ही विधानं मी शपथेवर करायला तयार आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला आणि कोण किती वाजता बाहेर गेला, हे लिहिता लिहिता त्यांचं डोकंच वेळापत्रकाच्या आकाराचं झालं होतं. निवृत्तीनंतर हाताशी कामगार उरले नाहीत, तेव्हा त्यांनी नातेवाइकांना हाताशी धरलं. कुणी चारधामला निघो नाहीतर नणंदेच्या डोहाळजेवणाला, काकांकडून त्याला एक फुलस्केप कागद मिळायचाच. वर लाल शाईत मथळा, खाली निळ्या शाईत वेळा आणि शेवटी 'आकस्मिक अडचणींसाठी राखीव : २५ मिनिटे'. उजव्या मनगटावर घड्याळ. ते आंघोळीलासुद्धा निघत नसे. आत्या म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हापण हे घड्याळच बघत होते. माझ्याकडे नंतर बघितलं."

स्वतः काका मात्र कर्जतच्या पुढे गेलेले कुणी पाहिले नव्हते. त्यांच्या लग्नानंतर महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं, त्याचाही कागद झाला होता. पण पूजेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, ती पुढे नऊ वर्षं अंथरुणावर होती. भरलेली बॅग आत्याने स्वतःच्या हाताने रिकामी केली. तक्रार तिने कधी केली नाही, फक्त घरात कुणाचंही लग्न ठरलं की हसत हसत म्हणायची, "माझा हनिमून अजून पेंडिंग आहे बरं का!" सगळे हसायचे. काका तेवढ्यापुरते घड्याळाला चावी द्यायला लागायचे. त्या घड्याळाला चावी नव्हतीच, ते सेलवर चालायचं.

तर माझं लग्न बेलवलीच्या वैशालीशी ठरलं आणि आम्ही दोघांनी बालीला जायचं ठरवलं. समुद्र, देवळं, नारळाची झाडं आणि कुणीही ओळखीचं नाही, एवढंच आमचं नियोजन होतं. ही बातमी काकांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते कात्रपच्या आमच्या घरी हजर झाले. काखेत जाडजूड फाइल होती. "एवढं मोठं बेट आणि तुम्ही नुसतेच जाणार?" ते म्हणाले, "सूर्य बुडतो किती वाजता, ते तरी माहिती आहे का?"

पुढचा दीड महिना मी नवरदेव कमी आणि शिकाऊ कामगार जास्त होतो. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून काकांनी बालीची इतकी पानं छापून आणली, की कॅफेवाल्याला ते तिथे बदली होऊन चाललेत असं वाटलं. तिथल्या देवळांत कमरेला वस्त्र गुंडाळावं लागतं असं त्यांनी वाचलं मात्र, लगेच उल्हासनगरच्या बाजारातून एक फुलाफुलांची लुंगी आली आणि ती नेसून मला आमच्या बिल्डिंगचे तीन जिने चढून-उतरून दाखवावे लागले. तिसऱ्या फेरीत ती सुटली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दार लावून घेतलं आणि काकांनी वहीत लिहिलं, 'गाठ : समाधानकारक नाही.' मग एका रविवारी त्यांनी मला आणि वैशालीला अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात नेलं. दर्शनाला नाही. एक देऊळ नीट बघायला नवदांपत्याला किती वेळ लागतो, ते मोजायला. वैशाली एका कोरीव मूर्तीपुढे रमली, तर मागून आवाज आला, "सतरा मिनिटं झाली, पोरी. अशाने समुद्र हुकेल."

वैशालीला याची मजा वाटायची. मला अधूनमधून कपाळाला हात लावावासा वाटे. पण आत्याने एकदा मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "करू दे रे त्यांना. एवढा जीव लावून त्यांनी फक्त एकदाच केलं होतं." कुठल्या वेळी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिकिटांचं कामही काकांनीच अंगावर घेतलं. उल्हासनगरला त्यांच्या ओळखीचा एक सिंधी तिकीटवाला होता, त्याला ते 'साईं' म्हणायचे आणि तो यांना 'काका सेठ'. त्याच्याकडे निघायच्या आधी काकांनी मला गॅलरीत बाजूला घेतलं आणि विचारलं, "नाव काय ठेवतोयस?"

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितो आणि तोपर्यंत ते कुणाला सांगायचं नसतं. मी बरेच आढेवेढे घेतले, पण कामासाठीच लागतंय म्हटल्यावर हळूच सांगितलं, सायली. काकांनी ते वहीत टिपून घेतलं. ते कशाला लागणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लग्नाला आठ दिवस उरले असताना तिकिटं आली. ती बघायला वैशाली मुद्दाम घरी आली होती. तिने पाकीट उघडलं, वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "ही सायली कोण?"

खोलीत आई, आत्या, काका आणि मी. मी काकांकडे बघितलं.

"माझ्या लग्नानंतर तीन दिवसांनी तू सायलीबरोबर बालीला चाललायस?"

"अगं, सायली म्हणजे तूच!"

"मी? मला कधी सांगितलंस?"

शेवटी काकाच पुढे झाले. अगदी शांतपणे, हजेरीचा नियम समजावावा तसे बोलले. "पोरी, विमान लग्नानंतरचं आहे ना? मग त्या दिवशी विमानात बसणारी बाई सौ. सायलीच असणार. वैशाली त्या तारखेला असेलच कशी?" वैशालीने पर्समधून स्वतःचा पासपोर्ट काढला आणि त्यांच्यासमोर उघडून धरला. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव.

आम्ही सगळ्यांनी रिक्षाने उल्हासनगर गाठलं. साईंनी तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, काकांकडून ताटातल्या नावाची हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला. "काका सेठ, एअरपोर्ट पे चावल की थाली नहीं देखते, पासपोर्ट देखते हैं! इसमें नाम चेंज होगा नहीं. कॅन्सल करा, नवीन घ्या. पण सीट बारा दिवस उशिराची आहे, टेंशन मत लो."

काका उभेच राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक निळं पुस्तक टेबलावर ठेवलं. आत्याचा पासपोर्ट. "मी आयुष्यात बाईचा एवढाच एक पासपोर्ट बघितलाय," ते म्हणाले, "यात लग्नानंतरचंच नाव आहे. मला वाटलं, सगळ्यांचा तसाच असतो." साईंनी सवयीने पानं उलटली. सगळी कोरी होती. आत्या टेबलाकडे बघतच राहिली. सहीसाठी नेलं तेव्हा तिला रेशनकार्डाचं काम म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवसानंतर काकांनी फाइल उघडली नाही. लग्नात ते मांडवाच्या कडेला खुर्चीत बसून होते, जेवणाच्या पंगती कशाही बसल्या तरी उठले नाहीत. ते मला सगळ्यात जास्त लागलं. तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा मी अंगठीने वैशाली असंच लिहिलं. भटजी गोंधळले, बायका कुजबुजल्या. वैशाली मात्र काकांकडे बघून हसली आणि काकांनी कितीतरी दिवसांनी घड्याळात बघितलं.

आम्ही बारा दिवस उशिरा बालीला गेलो, त्यांचाच कागद घेऊन. सूर्य त्यांनी लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं उशिरा बुडाला. आम्ही दोघं ओल्या वाळूत बसलो होतो. वैशाली म्हणाली, "हे त्यांनी लिहिलंय, पण बघितलेलं नाही." बस, काका आणि आत्याला इथे पाठवायचं तिथेच ठरलं.

काकांना तयार करायला वर्ष गेलं. "आता या वयात?" असं ते म्हणायचे, आणि आत्या उठून आत जायची. तिच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय, असं वैशालीने सांगितलं तेव्हा कुठे ते हलले, कारण मुदत हा विषय त्यांना कळायचा. विमानतळावर मी सवयीने हात पुढे केला. "काका, कागद दाखवा."

"केला नाही," ते म्हणाले. "तुमच्यासाठी करणं सोपं होतं. हिला काय बघायचंय ते तिथे हिलाच विचारीन."

ते दोघं परत आल्यावर आम्ही अंबरनाथला भेटायला गेलो. काय काय पाहिलंत, असं आत्याला विचारलं. "देवळं राहिलीच बघ," ती म्हणाली, "चार दिवस समुद्रापाशी बसलो. हे घड्याळ पिशवीत टाकून बसले होते." ती आत चहा टाकायला गेली. काकांनी साखरेच्या डब्याकडे हात पुढे केला, तेव्हा मनगट दिसलं. इतकी वर्षं पट्ट्याखाली पांढरी राहिलेली कातडी उन्हाने रापून हातासारखीच झाली होती.

पुढच्या सोमवारी घड्याळ परत चढलं आणि कुणाच्या तरी मुंजीचा कागदही सुरू झाला. पट्ट्याखालचं मनगट पुन्हा पांढरं पडायला वर्ष लागलं असेल. तेवढं वर्षभर आत्या कुणाच्या लग्नात पेंडिंगचं काही बोलली नाही. पुढेही कधी बोलली नाही, आणि खरं सांगतो, मला त्या वाक्यावाचून अजून थोडं चुकल्यासारखं वाटतं.