तिच्या बाजूची हवा

बस डेपोत त्यांना सगळे हवालदार म्हणत. पोलिसांशी संबंध नव्हता. जन्मभर टायर विभागात हवा भरली, एवढंच. निरोप समारंभात साहेबांनी त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मंडळी मागे वळून कोण आलं ते पाहू लागली.

हवेबद्दल त्यांचं मत एकच होतं: कमी हवा म्हणजे घात. टायरवर लाकडी हातोडा मारायचा, टण्ण आवाज आला की चाकाच्या वर खडूने आकडा लिहायचा आणि पुढच्या चाकाकडे वळायचं. माणसांबद्दल त्यांनी फारशी मतं बाळगली नव्हती.

पाठीच्या ऑपरेशनपासून त्यांच्या बायकोला फार वेळ बसवत नसे. मुलगी दूर, दोन दिवसांच्या वाटेवर. नातीने आजी फक्त फोनवर, खांद्यापर्यंतच पाहिलेली. आजीला पाय आहेत का, असं तिने एकदा विचारलंही होतं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण मध्ये मध्ये थांबून नीट आडवं व्हायचं, या अटीवर. म्हणून हवालदारांनी जुनी मोटरहोम घेतली. तिच्यातल्या पलंगावर बायको एकदा टेकली आणि डोळ्यांत पाणी येऊ न देता म्हणाली, "छान आहे."

तेव्हा त्यांनी हवेची गादी मागवली. दोन बाजू वेगळ्या, रिमोटने हवी तेवढी हवा कमी-जास्त करायची. हीही जमली नाही तर गाडी विकायची आणि नातीला फोनवरच मोठी होताना बघायचं, असं ठरलं होतं. म्हणजे तसं कुणी बोललं नव्हतं, पण ठरलं होतं.

हवालदार कामाला लागले. पलंगाच्या फळीला पॉलिश पेपर मारला आणि एखादं कुसळ राहिलं का, ते तळहात फिरवून पाहिलं. नळीसाठी भोक पाडून त्याची धार कानशीने गोल केली. पंप पलंगाखालच्या खणात बसवला. तो थरथरू नये म्हणून त्याच्या खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. मग हवा भरली. गळ्यापर्यंत. गादीवर टिचकी मारली, आवाज मनासारखा आला, आणि खिशातून खडू काढून त्यांनी भिंतीवर आकडा लिहिला.

बायको आडवी झाली.

"अहो, मी बस नाहीये."

"कडक असलेली बरी. पाठीला आधार मिळतो."

"आधार कसला, ही मला टेकूच देत नाही. कूस बदलली तर थेट लेकीच्या दारात जाऊन पडेन."

"मग किती कमी करू?"

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. हे आजवर कधी विचारलं नव्हतंत. घरची आपली गादी पहिल्यापासून दगड आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ठोकून बघणारे. मी काही टण्ण वाजत नाही."

यावर डेपोत शिकलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला. ती थोडी थोडी हवा सोडत गेली आणि प्रत्येक फुस्सला हवालदारांचे खांदे उडत राहिले. शेवटी तिचे डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. त्यांनी बाहीने आकडा पुसून नवा लिहिला. दुसऱ्या दिवशी तिला वेगळाच हवा होता. तोही पुसला आणि खडू ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मग ते निघाले. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली, बायको मागे आडवी झाली, आणि हवालदार सवयीने टायर ठोकत फिरू लागले. तेवढ्यात लांबलचक फुस्स ऐकू आलं. गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेका चाकाला कान लावला. चाकं ठणठणीत होती.

"अहो, खाली काय शोधताय?" खिडकीतून आवाज आला. "वर चढलो, हवा विरळ झाली, तशी ही गादी रुसल्यासारखी फुगून बसली होती. मी सोडली थोडी."

"बरं केलंस," हवालदार जमिनीवरूनच म्हणाले. हवा जाताना ऐकून इतकं बरं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. आभार नेमके कुणाचे मानायचे ते कळेना. डॉक्टरांचे, की गादीवाल्यांचे, की इतकी वर्षं दगडावर झोपून "छान आहे" म्हणणाऱ्या बाईचे? ते पायरीवर बसले. आतून घोरणं ऐकू येऊ लागलं, मग फोन वाजला. नात होती.

"आजी कुठंय?"

"झोपलीय. आडवी. अगदी गाढ."

"पाय दिसतात का?"

हवालदारांनी मान वळवून आत पाहिलं. "दिसतात की, चांगले दोन्ही. उघडे पडलेत. थांब, पांघरूण घालून येतो."