दुर्गच्या कचेरीत माझं नाव पुकारलं तेव्हा

खरं सांगायचं तर त्या वर्षी माझा देवावर रागच होता. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याकडची शेती भावाकडे सोपवून मी तिथे फिटर म्हणून लागलो होतो, पण अजून कायम व्हायचा होतो. एका संध्याकाळी पाळीवरून परतताना सायकलचा कंदील वाऱ्यानं विझला आणि नेमका तेव्हाच पोलीस शिपाई आडवा आला. काच अजून गरम आहे, हात लावून बघा, म्हटलं; तर उलट बोलतो म्हणून त्यानं बिनदिव्याची सायकल चालवल्याचा खटलाच भरला. गुन्हा कबूल करून मोकळा हो, असं जो तो सांगे. पण शिक्षा झालेल्याला कायम करत नाहीत, हे फोरमननं बजावलं होतं. म्हणून मी नाकबूल केलं आणि कचेरीच्या फेऱ्या मागे लागल्या.

त्या फेऱ्यांनी जीव मेटाकुटीला आला. कधी मॅजिस्ट्रेट साहेब दौऱ्यावर, कधी तक्रार करणारा शिपाईच गैरहजर. दिवसभर व्हरांड्यात ताटकळायचं आणि शेवटी चपराशी पुढची तारीख सांगणार. एका विझलेल्या कंदिलासाठी! तिथे माझ्यासारखीच तारखेला येणारी एक छत्तीसगढी म्हातारी टोपली घेऊन बसलेली असे. घरात मोहाची दारू सापडली म्हणून तिच्यावर खटला होता. "बइठे रह बेटा," एवढंच ती म्हणायची, आणि मला त्याचाही वैताग यायचा.

चपराशी दारातून तीनदा नाव पुकारतो. हजर नसलात तर वॉरंट. वॉरंट म्हणजे पोलीस थेट कारखान्याच्या गेटवर, म्हणजे नोकरी गेलीच. हे माहीत असूनही, त्या दिवशी दुपार उलटली तरी पुकारा होईना, तेव्हा मी तणतणत पलीकडच्या मारुतीच्या देवळात गेलो. हातसुद्धा जोडले नाहीत. "तुया एक शनिवार चुकवला नाही म्या. मग मलेच कावून छळून राहिला?" असं त्याला चांगलं ऐकवलं. भांडण जरा लांबलंच.

परत आलो तर आत गोंधळ. नंतर व्हरांड्यातल्या एकानं सांगितलं, की माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. तिसऱ्यांदा चपराशी तोंड उघडणार तोच म्हातारी उठली, थेट साहेबांसमोर गेली आणि आपलंच गाऱ्हाणं मोठ्यानं मांडू लागली. घर, सून, पोलीस, काही सोडलं नाही. चपराशी तिला ओढत होता, साहेब टेबल आपटत होते, ती थांबेना. मी धापा टाकत दारात दिसलो तशी गप्प झाली. शिपाई त्याही दिवशी आला नव्हता. साहेबांनी कातावून माझी केस काढून टाकली. म्हातारीला मात्र भर कचेरीत झापलं, आणि तिचा त्या दिवशी लागणारा निकाल पुढे ढकलला.

यथावकाश मी कायम झालो. कुणी याला योगायोग म्हणेल, मला वाद घालायचा नाही. मी देवाला जाब विचारत होतो, तेव्हा तो माझ्यासाठी तिथे बोलणी खात होता, एवढंच मला कळतं. त्यानंतर त्याच्याकडे हिशेब मागायची लाज वाटू लागली.

तिच्या पुढच्या तारखेला मी रजा काढून गेलो. मला बघून तिला नवल वाटलं.

"तोर केस त खतम होगे, फेर काबर आए हस?"

"तुयासंग बसाले आलो, माय."

त्याही दिवशी साहेब दौऱ्यावर होते. कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळपर्यंत तिच्याजवळून उठलो नाही.