आईचं मोठ्यानं वाचणं

शिकायला पुण्याला जाण्यासाठी मी राजुरा सोडलं त्या दिवशी आई बल्लारपूरच्या फलाटावर पुस्तक वाचत बसली होती. बाबा खाणीत पाळीवर होते, म्हणून मला पोचवायला ती एकटीच आली होती. गाडी लेट. मी सारखी रुळांकडे बघत होते, आणि ही वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत मान घालून बसलेली. आज तरी ठेव ते, असं मी चिडून म्हटलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "रडत बसण्यापरीस वाचलेलं बरं, पोरी." गाडी आली तेव्हा तिनं पान दुमडलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बॅग उचलून डब्यात चढवली.

राजुऱ्याच्या माझ्या वर्गमित्रांनो, तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले, त्यांना माझी आई आठवत असेल. शिक्षण सातवीपर्यंत. वाचनालयात नाव बाबांचं, पण पुस्तकं सगळी तिची. शिवाय शाळेतून माझ्या आणि भावाच्या नावावर गोष्टींची पुस्तकं यायची, तीही आमच्याआधी तिचीच वाचून व्हायची. स्वयंपाक करता करता एकटीच हसायची. भाजी तळाला लागली की बाबा ताटावर बसून विचारायचे, आज कोणती गोष्ट होती? शेजारच्या काकू म्हणायच्या, लेकरांची पुस्तकं मोठ्या बाईनं काय वाचायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "लेकरायचं पुस्तक लवकर संपते, एवढाच फरक."

आम्हाला ती मोठ्यानं वाचून दाखवायची. पुस्तकात छापलेलं 'मला' तिच्या तोंडून 'मले' होऊन बाहेर पडायचं. राजा, राक्षस, कोल्हा, सगळेच 'मले-तुले' बोलायचे. त्यात काही वेगळं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

ते पुण्यात कळलं. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी 'का' ऐवजी 'काऊन' म्हटलं आणि खोलीतल्या मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या, प्रेमानंच हसल्या. पण जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे हसणं ठाऊक आहे. कुणी जबरदस्ती करत नाही. आपणच हळूहळू जीभ घासून गुळगुळीत करतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, सई झाली, तोवर माझं 'मले' फक्त फोनवर उरलं होतं. पुढे तिथंही 'मला' यायला लागलं.

बाबा गेल्यावर तिला मी पुण्याला आणलं. भाऊ बल्लारपूरला असतो, पण त्याची ड्युटी फिरती. आई घरात एकटी नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तिला विचारलं असं म्हणवत नाही.

माझं कसं चाललंय ते काय सांगू. लॅब, दोन बस, ट्रॅफिक, घरी आल्यावर कुकर. सईला गोष्ट वाचून दाखवायला बसले की दुसऱ्या पानावर माझेच डोळे मिटायचे. आईनं ते काम आपल्याकडे घेतलं. आधी घरात, मग सोसायटीच्या बागेतल्या बाकावर. सईबरोबर बिल्डिंगमधली आणखी पोरं येऊन बसू लागली. मी कामावरून परतताना आवाज गेटपर्यंत ऐकू यायचा. वाघ गुरगुरायचा, म्हातारी त्याला दम द्यायची, पोरं खिदळायची. मी बॅग खांद्यावर घेऊन तशीच उभी राहायचे. दिवसभरात तेवढाच काय तो विसावा.

एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची एक आई भेटली. फार सभ्यपणे बोलली. काकू छानच वाचतात, पण मुलगा शाळेत 'मले' म्हणायला लागलाय, टीचरनी सांगितलं. जमलं तर पुस्तकात आहे तसंच वाचायला सांगाल का? भांडायला माझ्यात जीव नव्हता. सांगते म्हटलं, आणि संध्याकाळी सांगितलंही.

आई मेथी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "वाघ का पुण्यातला आहे? आपल्याकडचाच तं आहे तो." मला हसू आलं. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकात होतं तसंच वाचलं. शब्दाशब्दावर बोट ठेवून, परीक्षेला बसल्यासारखं. पोरं थोडा वेळ बसली, मग एकेक करून झोक्याकडे गेली. आठवडाभरात तिनं खाली जाणं सोडलं. कपाटातली कादंबरीही ती उघडेनाशी झाली. आणि एक दिवस म्हणाली, मले राजुऱ्याले जाऊ दे.

मी सगळं सांगून पाहिलं. गुडघे, एकटेपण, रात्री-बेरात्री काही झालं तर कोण धावेल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तिथी मले वाचता येते," ती म्हणाली. "इथी तोंड उघडताना भेव लागून राह्यला."

मी भावाला फोन केला. तो येऊन तिला घेऊन गेला.

आता ती राजुऱ्यात आहे. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय, आणि वाचनालयातली बाई तिच्यासाठी मोठ्या टायपातली पुस्तकं बाजूला काढून ठेवते. दुपारी ओट्यावर गल्लीतली पोरं जमतात, असं भाऊ सांगतो. मी फोन केला की कधी कधी म्हणते, थांब, एवढं पान होऊ दे.

गेल्या रविवारी सई गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या उशाशी आली. मी पडल्या पडल्या वाचायला लागले. वाघ म्हणाला, मला भूक लागली आहे. सईनं पानावर हात ठेवला.

"असं नाही. आजीसारखं वाच."

मी प्रयत्न केला. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार लावलेलं होतं, तरी 'मले' ओठांशी येऊन अडकलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा कुठं ते सरळ बाहेर पडलं. सई समाधानानं कुशीवर वळली. मी पुढचं पान उलटलं. थकवा होता तसाच होता. पण किती वर्षांनी मी घरी बोलतात तसं बोलत होते, आणि ऐकणारं कुणी हसत नव्हतं.