वहिनींचं इंग्रजी

फोन आला तेव्हा मी अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या बसमध्ये होते. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. मांडीवर दवाखान्यात असलेल्या वहिनींसाठी केलेल्या मुगाच्या खिचडीचा डबा होता. पलीकडून दादा म्हणाला, “शालू, आता घाई नोको करू… सावकाश ये.” डबा तसाच धरून बसून राहिले.

कमलवहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा मी सातवीत होते. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. घरची वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात नेऊन विकायची, हाच आमचा व्यवसाय. वहिनी दहावी नापास होत्या. एकाच विषयात, इंग्रजीत. लग्नाआधी दोनदा बसल्या, दोनदा गेल्या, मग माहेरच्यांनी तो नाद सोडला. बारावीनंतर मला अमरावतीला शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात चर्चा सुरू होती, तेव्हा चुलीपुढून त्याच बोलल्या होत्या, “जाऊ द्या शालूबाईले. माल मी नेते बाजारात.” आणि खरंच पुढची पाच वर्षं माझ्या वाटणीचं सगळं काम त्यांनी केलं. मी इंग्रजीत एम. ए. झाले, अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात लागले, जठारपेठेत घर केलं. गावाकडची बोली जिभेवरून कधी गेली ते मला कळलंही नाही… किंवा कळलं, आणि बरंच वाटलं, असंही असेल.

वहिनी सदतीस वर्षांच्या असताना गावात आशा सेविकेची जागा निघाली. अट दहावी पासची. त्या वेळी मी सुट्टीत गावी गेले होते. वांग्यांची पाटी उतरवता उतरवता त्या म्हणाल्या, “शालूबाई, मले पास करून देता का?” मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. दर रविवारी मी सकाळच्या बसनं दर्यापूर आणि तिथून जीपनं गावात जायची. आठवड्यातले बाकीचे दिवस फोनवर. वहिनी फोन पदरात खोचून वांगी तोडायच्या आणि तिकडून ओरडून स्पेलिंग सांगायच्या. क्रियापदांचे काळ काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नव्हते. ‘आय प्लक’ आणि ‘आय ॲम प्लकिंग’ यातला फरक मी फळ्यावर शिकवते तसा तीन रविवार समजावला. चौथ्या रविवारी त्या एकदम म्हणाल्या, “थांबा. एक म्हंजे ‘मी रोज वांगे तोडते’. अन् दुसरं म्हंजे ‘मी आता वांगे तोडून राहिली’. असंच ना? अवो, हे तं आपल्याच बोलीतलं हाये! मंग तुमी काहून एवढं अवघड करून सांगून राहिल्या?” ज्या ‘राहिली’ला मी शहरात जाऊन लपवत होते, त्यानंच माझं काम केलं होतं. त्यानंतर मी वर्गातल्या मुलींनाही हा काळ असाच शिकवला. एकीलाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पहिल्या खेपेला वहिनी पुन्हा इंग्रजीतच गेल्या. सहा मार्कांनी. आठ दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. दादा म्हणायचा, “बोलतच नाही ती कोणासंगं.” नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. “रविवारी येता ना?” एवढंच. आशाची ती जागा तोवर भरली गेली होती. तरी त्या अभ्यासाला बसल्या. दुसऱ्या परीक्षेला मी सोबत गेले. केंद्रावर दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “पालकांनी बाहेर थांबा.” वहिनींनी पदराखालून हॉल तिकीट काढून दाखवलं आणि दोन वेण्या घातलेल्या पोरींच्या रांगेत ताठ मानेनं उभ्या राहिल्या. इंग्रजीत एक्केचाळीस मार्क पडले. निकालाच्या दिवशीही त्या मेथी घेऊन बाजारात गेल्या होत्या.

वर्षभरानं तीच जागा पुन्हा रिकामी झाली आणि वहिनी आशा झाल्या. औषधाच्या पाकिटावरची मुदत त्या स्वतः वाचायच्या, गरोदर पोरींना घेऊन दवाखान्यात जायच्या. अडलेला शब्द मला फोनवर विचारायच्या. एकदा अमरावतीच्या दवाखान्यातून त्यांनी विचारलं, “प्रोग्नोसिस म्हंजे काय वो? एका म्हातारीच्या फायलीत हाये.” मी सांगितलं, आजार पुढं कसा जाईल, त्याचा डॉक्टरांनी बांधलेला अंदाज. “अन् पुअर असंल तं?” तेही सांगितलं: फारशी आशा नाही.

मग त्यांचंच पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. दादा गाडी लावायला गेला होता. मी पटकन इंग्रजीत डॉक्टरांना म्हटलं, यांच्यासमोर काही सांगू नका. डॉक्टरही इंग्रजीतच बोलले: कॅन्सर पसरलाय, सहा-आठ महिने. वहिनी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर बाकावर बसल्या आणि माझा हात धरून शांतपणे म्हणाल्या, “शालूबाई, माह्यापुढं इंग्रजीत नोका बोलू. मले समजते… तुमीच तं शिकवलं.” मला रडू आलं. त्यांनीच पाण्याची बाटली उघडून दिली. दादा येताना दिसला तशी म्हणाल्या, “डोळे पुसा.”

त्या आठ महिने राहिल्या. दादाला वाटायचं, इलाज लांबला आहे, पण बरं होईल. मेथी पेरायची तेव्हाही तो त्यांना विचारूनच वाफे पाडत होता. त्याला खरं सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

वहिनींचं तेरावं झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. खुंटीला दवाखान्याची फाईल टांगलेली होती. दादानं ती काढून माझ्या हातात दिली. “तिनं माह्यासाठी लिहून ठेवलं. इंग्रजी मले येत नाही ना.” प्रत्येक कागदावर, प्रत्येक इंग्रजी ओळीच्या वर, पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षर. ‘जेवणानंतर.’ ‘हे पांढरं पाकीट.’ ‘दर सोमवारी रक्त.’ मी पानं उलटत गेले. शेवटच्या कागदावर खाली टाईप केलेलं होतं, प्रोग्नोसिस, पुअर. पहिल्या शब्दावर वहिनींनी लिहिलं होतं, ‘घरची परिस्थिती’. दुसऱ्यावर, ‘गरीब’.

दादानं त्या ओळीवर बोट ठेवलं. “डॉक्टर चांगला माणूस होता पाह्य. आपली परिस्थितीबी लिहून घेतली त्यानं.”

“हो रे दादा,” मी म्हटलं, “चांगला होता.” आणि फाईल मिटून पुन्हा खुंटीला लावली.