कडेचं तास

महिना झाला. समुद्रपूरच्या एस्टीनं गोदाची लेक आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, माय गेली वं. जायच्या आधी म्हने, बाईले वांगे नेऊन देजो." मी पिशवीत डोकावून बघत राहिले. तिच्याकडे बघवेना...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गोदा कापूस वेचायची आणि मी तिथल्याच सरकारी प्रयोगाच्या वावरावर, म्हणजे शेतावर, नवीनच लागलेली कारकून. मॅट्रिक पास, दोन वेण्या, हातात फाउंटन पेन. अक्कल सोडून सगळं होतं. कपाशीच्या दर तासात, म्हणजे दर ओळीत, वेगळं वाण पेरलेलं. बाया एकेक तास वेचून त्याचं गाठोडं बांधायच्या, गोदा तराजूपाशी उभी राहून क्रमानं वजनं पुकारायची, मी तक्त्याच्या घरांत लिहायची. त्या साली पहिल्या वेचणीचा निकाल भलताच आला. मरतुकडं वाण पहिलं, साहेबांचं लाडकं तळाला! मी बेरजा तीनदा केल्या, तिन्ही वेळा बरोबर. मग ठसक्यात म्हणाले, "सर, कागदावर चूक नाही. घोळ वावरातच आहे." गोदानं गाठोडी बदलली असं ठरलं आणि पुढच्या वेचणीआधीच तिला घरी बसवलं.

तक्त्यातलं शेवटचं घर रिकामं राहिलं होतं. शहाण्या माणसाला शंका आली असती. मी तिथं सुरेख अक्षरात 'पीक नाही' लिहून मोकळी! आठवड्यानं वावरात गेले, तर त्याच शेवटच्या तासात बोंडं फुटून पांढरी झालेली... तेव्हा कुठं उमगलं: बांधाजवळच्या तासात गुरं तोंड घालतात, म्हणून गोदा ते मोजायचीच नाही. तिचं 'एक' त्याच्या पुढचं. माझं 'एक' बांधापासून. सगळी वजनं एकेक घर वर सरकलेली. मी नवा तक्ता लिहिला. "पुन्हा तपासलं, सर," एवढंच बोलले. शाबासकी घेतली. गोदाचं नाव काढलं नाही. काढलं असतं, तर माझंही काढावं लागलं असतं.

पुढल्या वर्षी बाजारात ती वांगी घेऊन बसलेली. मी छत्रीआड तोंड लपवून निघाले, तोच हाक आली.

"बाई, त्या साली कडेचं तास मोजलं काय वं तुमी?"

"तुला माहीत होतं? मग तेव्हा काऊन नाई बोललीस?"

"तुमी शिकलेल्या. मले वाटलं, कागदावर तसंच मोजत असन."

'चूक माझी होती', तीन शब्द बोलायचे होते. मी काय विचारलं? "वांगी कशी दिली?"

ती हसली. पहिलं वांगं उचलून बाजूला ठेवलं, "हे कडेचं, हे मोजू नका," आणि मग एक, दोन करत बाकीची माझ्या पिशवीत टाकली. सगळ्यात शेवटी ते पहिलं. मी वर्ध्याला आल्यावरही ती एस्टीनं यायची, आणि दर खेपेला तसंच. चिडवायची की माफ करायची, हे कधी विचारलं नाही. विचारायचं, तर आधी ते तीन शब्द बोलावे लागले असते.

लेकीनं आणलेली वांगी मीच मोजली. पहिलं फडताळात ठेवलं. आता ते सुकून काळं पडलंय. काल सून म्हणाली, "आई, हे एक राहूनच गेलं. टाकून देऊ?"

"राहू दे," म्हटलं. "मला त्याच्याशी जरा बोलायचं आहे."